अजिंठ्याच्या उन्हात पस्तीस वर्षं : मेजर रॉबर्ट गिल



डिसेंबर लागला की आमच्या अकोटकडे सहलीचे दिवस सुरू होतात. वावरात कापूस वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि उत्तरेला सातपुडा एरवीपेक्षा जवळ सरकल्यासारखा दिसतो. मागच्या हिवाळ्यात माझी तिसरीची मुलं घेऊन आम्ही नरनाळ्याला गेलो होतो. निघता निघताच उशीर झाला. किल्ल्यावर पोचलो तेव्हा दुपार झालेली. मी सगळ्यांना एका दरवाजासमोर उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. ऊन मुलांच्या पाठीमागून येत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. घरी येऊन पाहिलं तर आभाळ पांढरंफटक आणि मुलं काळी धुस्स. येताना तारेवर नीळकंठ बसलेला दिसला होता. मोबाइल काढेपर्यंत तो उडाला, फोटोत फक्त एक निळा फराटा आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात फोटो दाखवले. एका मुलीने विचारलं की मॅडम, किल्ला दिसतो मग आम्ही का नाही दिसत. मी तिला ऊन आणि सावलीचं समजावून सांगितलं. मग तिचा पुढचा प्रश्न आला. मोबाइल नव्हते तेव्हा लोक डोंगराचे, जनावरांचे फोटो कसे काढायचे? त्याचं उत्तर शोधता शोधता मी ज्या माणसापर्यंत पोचले, त्याचं चरित्र आज तुमच्यासमोर मांडते. हा पाठ्यपुस्तकातला धडा नाही. पण परिसर अभ्यास, विज्ञान आणि इतिहास तिन्ही विषय यात आपोआप येतात. तिसरीपासून सातवीपर्यंत कुठेही वापरता येईल.

माणसाचं नाव मेजर रॉबर्ट गिल. तुम्ही हे नाव बहुतेक ऐकलं असेल, पण प्रेमकथेतून. ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे काव्य आणि त्यावरचा २०१२ सालचा चित्रपट यांनी गिल आणि पारो ही जोडी घराघरात नेली. मी डी.एड.ला असताना आमची सहल अजिंठ्याला गेली होती, तेव्हाही वाटाड्याने गिलबद्दल सांगितलं ते एवढंच. त्याने तिथे पस्तीस वर्षं काम काय केलं, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.

गिलचा जन्म १८०४ मध्ये लंडनला झाला. विशीच्या आतबाहेर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला आणि हिंदुस्थानात आला. पुढची वीस वर्षं त्याने फौजेत नोकरी केली. त्या काळात त्याची ओळख दोन गोष्टींसाठी झाली. एक म्हणजे चित्रकला आणि दुसरी म्हणजे शिकार. या दोन्ही गोष्टी त्याला अजिंठ्याच्या डोंगरात घेऊन आल्या असं म्हटलं तरी चालेल.

अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला पुन्हा दिसली तीसुद्धा शिकारीमुळेच. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. (सहलीत मुलांना हे दाखवलं की लगेच कुणीतरी खिशातून खडू काढतं, तेवढं सांभाळा.) पुढे जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसमोर लेण्यांवर निबंध वाचला. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते मुंबईचे गव्हर्नर, हा फर्ग्युसन वेगळा. चित्रं झपाट्याने खराब होत आहेत, ती नष्ट व्हायच्या आत त्यांच्या नकला करून ठेवायला हव्यात, हे त्या निबंधानंतर कंपनीच्या गळी उतरलं. १८४४ मध्ये हे काम गिलकडे आलं.

तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होतं. बुलढाणा ओलांडून पुढे गेलं की अजिंठा गाव लागतं. त्या गावातल्या बारादरीत गिलने मुक्काम केला. लेणी तिथून घाट उतरून खाली, वाघूर नदीच्या वळणात. रस्ता असा नव्हताच. जंगल दाट, मधमाश्यांची पोळी लेण्यांच्या तोंडाशी लटकलेली, पावसाळ्यात नदीला पूर, पावसाळा सरला की हिवताप. अशा ठिकाणी हा माणूस कॅनव्हास घेऊन अंधारात बसायचा आणि भिंतीवरचं चित्र त्याच मापाने उतरवून काढायचा. असं त्याने पंधरा-वीस वर्षं केलं.

आता इथे मुलं हमखास एक प्रश्न विचारतात. फोटो काढता येत होते ना, मग एवढी वर्षं हाताने चित्रं कशाला काढली? प्रश्न अगदी बरोबर आहे. १८५६ च्या सुमारास गिलकडे कॅमेरा आला आणि त्याने लेण्यांचे पुष्कळ फोटो काढले. तरी चित्रांची नक्कल ब्रशनेच करावी लागली. का ते कळायला त्या काळचा फोटो कसा निघायचा हे आधी पाहू. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८५१ मध्ये इंग्लंडमधल्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने फोटोची एक नवी रीत जाहीर केली, तिला ओल्या कोलोडियनची रीत म्हणतात. पुढची तीसेक वर्षं जगभर हीच रीत चालली. काचेची पाटी स्वच्छ पुसायची. तिच्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सगळीकडे सारखा पसरवायचा. हा द्रव ईथर आणि अल्कोहोलपासून बनवलेला असतो. मग अंधाऱ्या तंबूत जाऊन ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. तिथून ओलीच्या ओली कॅमेऱ्यात बसवायची. झाकण काढून काही सेकंद उजेड द्यायचा. परत तंबूत धावायचं आणि काच वाळायच्या आत तिच्यावर रसायन ओतून चित्र उमटवायचं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवं. काच वाळली की फोटो गेला.

म्हणजे फोटो काढायला जायचं तर तंबू, काचा, बाटल्या, पाणी, तिपाई असा सगळा संसार सोबत न्यावा लागे. आता यात हवामान कसं येतं बघा. ईथर साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळू लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो. अशा दिवसांत कोलोडियन काचेवर पसरायच्या आधीच आटायला लागणार. पावसाळ्यात उजेड नाही आणि सगळीकडे दमट. उरले थंडीचे चार महिने. आपण हिवाळ्यात फोटो काढतो ते हवा स्वच्छ असते, ऊन कोवळं असतं म्हणून. त्या लोकांची अडचण त्याच्याही आधीची होती. थंडी असली तरच काच धड तयार व्हायची.

आणखी एक गंमत. या काचेला सगळे रंग दिसत नसत. निळा आणि जांभळा उजेड ती पटकन पकडायची, पिवळा आणि लाल उजेड तिला जवळजवळ दिसतच नव्हता. त्यामुळे जुन्या फोटोत आभाळ नेहमी कोरं पांढरं असतं, त्यात ढग नसतात. हिरवी झाडी काळपट दिसते. आता अजिंठ्याच्या चित्रांचा विचार करा. गेरूचा लाल, पिवळ्या मातीचा पिवळा, हेच तिथले मुख्य रंग. कॅमेऱ्याच्या काचेवर ते सगळे काळे डाग म्हणून उमटणार. वर लेण्यात उजेड कमी. त्यामुळे दगडाचं कोरीवकाम फोटोत छान यायचं, रंगवलेली चित्रं मात्र हातानेच उतरवावी लागत. गिलने ब्रश आणि कॅमेरा दोन्ही का चालू ठेवले, ते यावरून कळतं.

याच कारणाने, आपण ज्या कोवळ्या सोनेरी उन्हाचं कौतुक करतो, येरवाळी उठून ज्याच्यासाठी डोंगराकडे पळतो, ते ऊन गिलच्या उपयोगाचं नव्हतं. सकाळ-संध्याकाळच्या उजेडात निळा भाग कमी असतो. त्याला सूर्य थोडा वर यायची वाट बघावी लागणार. मग भर दुपारचं ऊन सपाट नाही का पडत, असं तुम्ही म्हणाल. उन्हाळ्यात पडतं, हिवाळ्यात नाही.

हे मुलांना पटवायला एक सोपा प्रयोग आहे, आम्ही पटांगणावर करून पाहिला. २२ डिसेंबरला दुपारी १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास मुलांना उन्हात उभं करा आणि सावली मोजा. अकोटला त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणून ज्याची जेवढी उंची तेवढीच त्याची सावली! मुलं एकमेकांना आडवं झोपवून मोजत होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात हीच सावली पायाखाली गडप होते, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते. तर हिवाळ्यात ऐन दुपारीसुद्धा ऊन तिरपं असतं. तिरप्या उन्हात खांबावरची नक्षी, मूर्तीच्या नाकाची कड, डोंगराच्या घड्या सगळं उठून दिसतं. खाली उतरलेला सूर्य ओसरीच्या छताखालून आत डोकावतो. अजिंठ्याची लेणी तर नालेसारख्या वळणात आहेत, त्यांची तोंडं एका दिशेला नाहीत. एकाला सकाळचं ऊन मिळतं तर दुसऱ्याला दुपार कलल्यावर. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसालाच कुठे कधी कॅमेरा लावायचा ते कळणार.

गिलचे पुष्कळसे फोटो जोडफोटो होते. कॅमेऱ्याला दोन डोळे, माणसाच्या डोळ्यांइतक्याच अंतरावर. एकाच दृश्याचे दोन फोटो शेजारीशेजारी चिकटवायचे आणि एका छोट्या यंत्रातून पाहायचे. मग चित्र सपाट न दिसता त्याला खोली येते. यात्रेत मुलं डोळ्याला लावून बघतात त्या खेळण्यासारखंच. मोबाइलवर करायचं असेल तर एक फोटो काढा, मोबाइल सहा-सात सेंटिमीटर उजवीकडे सरकवा, दुसरा काढा. दोन्ही शेजारी लावून डोळे किंचित तिरळे करून बघा. माझ्या वर्गात निम्म्या मुलांना जमलं, मला नाही जमलं.

१८६४ मध्ये लंडनला गिलच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसनने लिहिला. एकात लेण्यांचे ७४ फोटो. दुसऱ्यात १०० जोडफोटो, आणि त्याच्या नावातच वास्तुकला आणि निसर्ग या दोन्हींचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या या पट्ट्यातल्या प्राण्यांचे फोटो १८६४ साली पुस्तकात छापून आले होते. हे वाचून मी फार खूश झाले. पण त्या खुशीला लगेच धक्का बसला. कोलोडियनच्या काचेला काही सेकंद लागायचे. जंगलातलं जनावर कॅमेऱ्यासमोर काही सेकंद स्तब्ध कसं उभं राहणार? हललं की नुसता धूसर पट्टा, माझ्या नीळकंठासारखा. त्यामुळे त्या काळी प्राण्याचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा मारलेल्या प्राण्याचा फोटो. गिल नामांकित शिकारी होता, वाघांच्या शिकारीबद्दल त्याची ख्याती होती. ज्या माणसाने भिंतीवरचे हत्ती, हरणं, हंस वाचवायला आयुष्य घातलं, त्यानेच बाहेरच्या जंगलातली जनावरं मारली.

हे मुलांना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं. चरित्र म्हटलं की आपण माणसाला देव करून टाकतो आणि मग मुलांचे प्रश्न बंद होतात. इथे ते सुरू झाले. जिवंत वाघाचा फोटो मग कधी निघाला, असं लगेच एकाने विचारलं. तर काचा सुधारल्या, कोरड्या आणि जलद झाल्या, तेव्हा चित्र बदललं. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्री चमकदिवा लावून काढलेले वन्यप्राण्यांचे फोटो १९०६ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये आले. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात उत्तरेच्या जंगलात वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की त्याचा फोटो तोच काढायचा! त्यांचं पुस्तक १९२७ चं. आज आपल्या मेळघाटात झाडांना कॅमेरे बांधून वाघ मोजतात, ती हीच युक्ती सुधारलेली. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. आणि आमचं नरनाळा १९९७ पासून अभयारण्य आहे.

आता गिलच्या घरची गोष्ट. त्याचं लग्न झालेलं होतं, मुलंबाळं होती. अजिंठ्यात पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी त्याचं नातं जुळलं. २३ मे १८५६ ला ती वारली. अजिंठा गावात तिची समाधी आहे, गिलने तिच्यावर नाव आणि तारीख कोरून घेतली. पारोबद्दलच्या बाकीच्या गोष्टी लोकांनी आणि कवींनी जपल्या. त्या ऐकायला गोड आहेत, पण वर्गात मी फक्त दगडावरचं सांगते. एवढंच ध्यानात घ्या की पारो गेली त्याच वर्षाच्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला.

आणि मग आग. गिलने केलेली सुमारे तीस मोठी चित्रं टप्प्याटप्प्याने लंडनला गेली होती. सिडनहॅम इथे काच आणि लोखंडाचा एक प्रचंड महाल होता, क्रिस्टल पॅलेस. तिथे ती लोकांना पाहायला लावली होती. ३० डिसेंबर १८६६ ला त्या महालाच्या एका भागाला आग लागली आणि जवळजवळ सगळी चित्रं जळाली. चार-पाचच वाचली, ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. वीस वर्षांचं काम एका दिवसात गेलं. त्या वेळी गिल बासष्ट वर्षांचा होता.

मला विचाराल तर या माणसाचं मोठेपण इथून पुढे सुरू होतं. तो इंग्लंडला परत गेला नाही, अजिंठ्यातच राहिला. त्याचं काम थांबलं नाही. लोणारच्या देवळांचे त्याने काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. लेण्यांतल्या चित्रांची नक्कल करायचं काम १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा हाती घेतलं. त्यांचीही बरीच चित्रं १८८५ मध्ये लंडनलाच आगीत सापडली. अजिंठ्याच्या नकलांना आगीचा शापच लागला होता जणू. गिलचे फोटो मात्र राहिले. ते कॅनव्हासपेक्षा भारी होते म्हणून नाही, तर एका काचेवरून कितीही प्रती निघतात म्हणून. एक ग्रंथालय जळालं तरी पुस्तक दुसऱ्यात असतं.

ही आगीची गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा बदलतो, त्याला घरचं कारण आहे. माझ्या पहिल्या शाळेत एक जुनी खोली होती. मुलांनी दोन वर्षं खपून तिच्या भिंतीवर गावाचं चित्र काढलं होतं. बैलजोडी, विहीर, पाराजवळची म्हातारी माणसं, सगळं गाव त्यात होतं. खोली पडायला आली होती, ती पाडून नवी बांधली. ठीकच झालं, मुलांच्या डोक्यावर छप्पर धड हवं. पण त्या चित्राचा माझ्याकडे एकच फोटो होता, तोही दारातून येणाऱ्या उन्हाकडे तोंड करून काढलेला. त्यात उजवीकडची विहीर दिसते, बाकी सगळी पांढरी चमक. तो फोटो ज्या मोबाइलमध्ये होता तो मोबाइलही नंतर बिघडला.

एप्रिल १८७९ मध्ये गिल फार आजारी पडला. त्याला भुसावळकडे नेत होते, तिथे रेल्वे होती. त्यातच त्याचा अंत झाला. वय चौऱ्याहत्तर. भुसावळलाच त्याला पुरलं. म्हणजे पारो डोंगरावर अजिंठा गावात आणि गिल खाली खानदेशच्या मैदानात. शेगाव-भुसावळ रेल्वेने जाणारे आपण किती वेळा त्या गावावरून पुढे जातो!

या जानेवारीत तीच मुलं, आता चौथीची, घेऊन आम्ही पुन्हा नरनाळ्याला गेलो. या वेळी पहाटे साडेसहाला गाडी सोडली. पालकांनी थोडी कुरकुर केली, थंडी फार होती. आमच्या बाजूने सातपुडा उत्तरेला, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, त्यामुळे डोंगराकडे तोंड केलं की ऊन आपल्या पाठीशी. मुलांनीच हे मला सांगितलं. फोटोच्या वेळी त्यांना उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि मी सूर्याला पाठ दिली. नीळकंठ या वेळीही उडाला. पण एका वाळल्या फांदीवर पिंगळ्याची जोडी ऊन खात बसली होती. ती बराच वेळ हलली नाही, मुलंही हलली नाहीत.

परत आल्यावर एकत्र फोटोच्या सव्वीस प्रती छापून घेतल्या आणि प्रत्येक घरी एकेक दिली. एक वर्गात लावली आहे. मागच्या वर्षी प्रश्न विचारणारी ती मुलगी पहिल्या रांगेत आहे. ऊन तोंडावर आल्यामुळे तिचे डोळे बारीक झालेत, पण चेहरा स्वच्छ दिसतो.